बॉनेटवरची चांदणी

मोंढ्यात कुणी 'टेम्पो सांग रे' म्हणतो, तेव्हा आपण एका जर्मन गाडीचं नाव घेतोय हे त्याच्या गावीही नसतं. हॅम्बुर्गच्या 'विडाल अँड झोन' या कंपनीच्या तीनचाकी मालगाड्यांचं 'टेम्पो' हे नाव. एन. के. फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी काढली, ती तीनचाकी इथे तयार होऊ लागली आणि काही वर्षांतच हे नाव एका गाडीचं न राहता सगळ्या जातीचं झालं. आज परभणीत कुठल्याही कंपनीची लहान मालगाडी टेम्पोच असते. जर्मनीत ते नाव केव्हाच मिटलं. आपल्याकडे त्याला 'वाला' जोडून माणसाचा धंदासुद्धा सांगता येतो.

मर्सिडीज-बेंझवरच्या पुस्तकाच्या दारात हा टेम्पो कशाला उभा केला, असं वाचक विचारील. उत्तर असं, की परभणीकडे ही कंपनी पुढच्या दाराने आलीच नाही. १९५४ मध्ये, परभणी अजून हैदराबाद राज्यात होती तेव्हा, टाटांच्या टेल्को कंपनीने डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या ट्रकच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी होती. हा करार १९६९ पर्यंत चालला. मराठवाड्यातल्या कापसाच्या गाठी, जिनिंगची सरकी, साखरेची पोती वाहणाऱ्या पिढीला 'टाटा मर्सिडीज' माहीत होती ती अशी: पुढे किन्नर लोंबकळतोय, मागे ताडपत्री फडफडतेय आणि रेडिएटरवर चांदणी. मोटारीच्या रूपातली मर्सिडीज पाहायला मात्र त्या पिढीला सिनेमाला जावं लागे.

पुढे चांदणी पुसली गेली, पण इंजिन राहिलं. बजाज टेम्पोने ऐंशीच्या दशकात डायमलर-बेंझशी करार करून 'ओएम ६१६' हे डिझेल इंजिन भारतात बनवायला घेतलं. हेच चार सिलिंडरचं, २.४ लिटरचं इंजिन जर्मनीत '२४० डी' या मर्सिडीज मोटारीत असे, आणि ती मोटार तिकडच्या टॅक्सीवाल्यांची लाडकी होती. आपल्याकडे त्याच इंजिनाचा वंश टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आणि ट्रॅक्समध्ये आला. ट्रॅव्हलरचा तर सांगाडाही मर्सिडीजच्याच एका व्हॅनवरून घेतलेला. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेडच्या स्टँडबाहेर जी काळी-पिवळी भरेपर्यंत हलत नसे, जिच्यात दहाच्या पासिंगवर वीस माणसं, दोन शेळ्या आणि एक सासुरवाशीण बसे, तिच्या पोटात श्टुटगार्टची कला धडधडत होती. म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या हजारो माणसांनी मर्सिडीजच्या इंजिनावर प्रवास केला आहे. फक्त त्यांना कुणी सांगितलं नाही.

या पुस्तकाला जे सांगायचं आहे ते इथेच एका वाक्यात सांगून टाकतो. आपल्या भागात या कंपनीची पहिली ओळख श्रीमंतीची नव्हती, भरवशाची होती. श्रीमंती मागाहून आली. भरवशाचं श्रीमंतीत रूपांतर कसं होतं, त्यात काय कमावलं जातं आणि काय हातचं जातं, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे.

नव्या वाचकासाठी आधी वंशावळ. २९ जानेवारी १८८६ रोजी मानहाइमच्या कार्ल बेंझने पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचं पेटंट मागितलं. मोटारीचा जन्मदाखला म्हणून जग हाच कागद मानतं. त्याच सुमारास, परभणीहून लातूर असावं साधारण तेवढ्या अंतरावर, श्टुटगार्टजवळच्या कानश्टाटला गॉटलीप डायमलर आणि विल्हेल्म मायबाख हे दोघे जलद फिरणारं हलकं इंजिन घडवत होते. ते त्यांनी आधी दुचाकीला लावलं, मग घोडागाडीला, मग होडीला. दोन्ही घरं एकाच ध्यासाने झपाटलेली आणि एकमेकांची स्पर्धक.

बेंझची गाडी खरी चालवून दाखवली ती त्याच्या बायकोने. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरावर किलोमीटर, माहेरी निघाली. वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रव्य घेऊन तिने टाकी भरली. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, ब्रेक झिजले त्यांना चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं, आणि चढावर गाडी दमते म्हणून आणखी एक गिअर हवा असं घरी परतल्यावर सांगितलं. किराणा दुकानात बाटलीतून पेट्रोल घेतलेल्या आणि टायरच्या तुकड्यावर वेळ निभावून नेलेल्या आपल्याकडच्या माणसाला ही बाई परकी वाटणार नाही. आलिशान म्हणून गाजलेल्या या घराण्याचा आरंभ रस्त्याकडेच्या दुरुस्तीतून झाला, हे ध्यानात ठेवावं. पुढे कामाला येईल.

'मर्सिडीज' हे नाव आलं एका गिऱ्हाइकाकडून. एमिल येलिनेक हा नीस शहरात राहणारा ऑस्ट्रियन व्यापारी डायमलरच्या गाड्या श्रीमंतांना विकायचा आणि शर्यतीत उतरवायचा. त्याला आणखी वेगवान, आणखी बुटकी, न उलटणारी गाडी हवी होती. १९०० मध्ये त्याने एकदम ३६ गाड्यांची, साडेपाच लाख मार्कांची मागणी नोंदवली आणि नव्या इंजिनाला आपल्या मुलीचं नाव द्यायला लावलं. मायबाखने घडवलेली ती ३५ अश्वशक्तीची गाडी १९०१ च्या नीसच्या शर्यतींत इतकी पुढे गेली, की घोडागाडीला इंजिन बसवण्याचं युग तिथेच संपल्यासारखं झालं. लांब सांगाडा, दोन बाजूंच्या चाकांत रुंद अंतर, खाली बसवलेलं इंजिन, पुढे मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर: मोटार मोटारीसारखी दिसू लागली ती इथून. नाव दिलेली मुलगी मात्र १९२९ मध्ये, चाळिशीही न गाठता, हलाखीत वारली. त्या नावाचा मूळ अर्थ 'कृपा'.

३६ गाड्यांची ही एकगठ्ठा मागणी वाचकाने लक्षात ठेवावी. मराठवाड्यात तिचा एक मोठा प्रतिध्वनी उमटायचा होता.

चांदणी १९०९ मध्ये नोंदली गेली. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणी आपलं इंजिन चालावं, ही तिच्या तीन टोकांमागची कल्पना. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीने दोन्ही स्पर्धकांना एकत्र यायला लावलं आणि १९२६ मध्ये डायमलर-बेंझ ही एक कंपनी झाली. १९३६ मध्ये तिने '२६० डी' ही कारखान्यात नियमित बनणारी पहिली डिझेल मोटार आणली. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा आवाज ऐकत मोठं झालेल्या माणसाला या घटनेचं मोल वेगळं सांगायला नको. आपल्या शेतकऱ्याच्या बोलीत 'इंजिन' म्हणजे विहिरीवरचंच.

याच दशकात घराण्याला काळिमाही लागला. नाझी पुढारी याच मोटारींतून मिरवले आणि युद्धकाळात कंपनीच्या कारखान्यांत युद्धकैदी, छळछावण्यांतले बंदी आणि परदेशांतून ओढून आणलेले मजूर अशा हजारोंकडून सक्तीने काम करून घेतलं गेलं. ऐंशीच्या दशकात कंपनीने इतिहासकारांना दप्तरं उघडून दिली. गौरवग्रंथ हे प्रकरण दोन ओळींत उरकतात. या पुस्तकात ते उरकलेलं नाही.

युद्धानंतर मर्सिडीजने जी कीर्ती कमावली ती मुख्यतः सुरक्षिततेची. बेला बारेनी या तिच्या अभियंत्याने मांडलेला विचार वरवर उलटा वाटतो: धडकेत गाडी वाचवायची नसते, ती ठरल्या जागी चेपू द्यायची असते, म्हणजे धक्का पत्र्यात जिरतो आणि माणूस बसतो ती पेटी शाबूत राहते. १९५९ पासून हा विचार तिच्या मोटारींत उतरला. १९७८ मध्ये 'एस क्लास'मध्ये, करकचून ब्रेक दाबला तरी चाक न अडकवणारी एबीएस यंत्रणा आली, १९८१ मध्ये एअरबॅग. आज ही दोन्ही आपल्याकडच्या साध्या मोटारीतही असतात. श्रीमंताच्या गाडीत कितीतरी वर्षं आधी जे येतं ते पुढे सगळ्यांच्या गाडीत झिरपतं, हा आलिशान मोटारीच्या बाजूने करता येणारा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद आहे. १९५५ च्या ल मान्सच्या शर्यतीत याच कंपनीची गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसं मेली आणि त्या वर्षाअखेर कंपनीने शर्यतींतून माघार घेतली, तीही गोष्ट या कीर्तीच्या शेजारी ठेवून वाचावी.

जर्मन आलिशान मोटारींची तीन घराणी मानली जातात, आणि गायकीच्या घराण्यांसारखीच ती कानाला, आणि पाठीलाही, ओळखू येतात. श्टुटगार्टचं घराणं ठाय लयीचं: मागे बसणाऱ्याला रस्ता कळू द्यायचा नाही, दार मिटलं की बाहेरचं जग बाहेर. म्युनिकचं बीएमडब्ल्यू घराणं विमानांच्या इंजिनांतून आलेलं, त्याची सगळी तान चालवणाऱ्यासाठी. इंगोलश्टाटची ऑडी तंत्राची, चारही चाकांना ताकद देणारी 'क्वाट्रो' तिने १९८० मध्ये आणली. या तिसऱ्या घराण्याचं नाव मोठं गमतीचं आहे. ऑगस्ट हॉर्खला स्वतः काढलेल्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं आणि स्वतःचंच आडनाव वापरायची चोरी झाली. 'हॉर्ख' म्हणजे जर्मनमध्ये 'ऐक'. त्याचं लॅटिन केलं, 'ऑडी'.

ही घराणी वेगळी राहिली हाही थोडा नशिबाचा भाग. १९५९ मध्ये डबघाईला आलेली बीएमडब्ल्यू डायमलर-बेंझच्या घशात जायची ती लहान भागधारकांच्या हट्टाने वाचली, आणि ऑडीची पूर्वज 'ऑटो युनियन' तर साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत डायमलर-बेंझच्याच मालकीची होती. नंतर ती फोक्सवागनने घेतली. त्या फोक्सवागन समूहातल्या स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला सुरू झाला, आणि २००७ पासून तिथे ऑडीची जोडणी होऊ लागली. ज्या मराठवाड्याची ओळख मागास म्हणून करून दिली जाते, त्याच्या मातीत जर्मन आलिशान मोटारी तयार होत आल्या. आयटीआय करून परभणीहून तिकडे गेलेल्या पोरांनी त्यांचे बोल्ट आवळले.

मर्सिडीजची मोटार भारतात बनू लागली ती १९९५ पासून, पिंपरीला, टेल्कोच्या भागीदारीत. पहिली 'ई क्लास' जर्मनीत निवृत्तीला आलेली होती आणि इथल्या गिऱ्हाइकाने ते ओळखलं. भारतीय श्रीमंताला जुनं मॉडेल खपवता येत नाही, हा धडा कंपनीला पहिल्याच घासाला मिळाला. २००९ मध्ये तिने चाकणला स्वतःचा कारखाना उभा केला. तयार मोटार बोटीने आणली तर आयातकर अवाच्या सवा, सुटे भाग आणून इथे जोडली तर पुष्कळ कमी: चाकण आणि शेंद्र्याच्या मागचं अर्थशास्त्र एवढं साधं आहे. फिरोदियांची कंपनी, जिचं नाव आता फोर्स मोटर्स, १९९७ पासून मर्सिडीजची इंजिनं जोडून देते आहे. टेम्पोपासून निघालेली वाट अशी फिरून चांदणीपाशी येते.

आता ऑक्टोबर २०१०. औरंगाबादच्या उद्योजक, व्यावसायिक, डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा, म्हणजे गाडीमागे सरासरी ४३ लाख. येलिनेकने ३६ गाड्या मागून कंपनी वाकवली होती; इथे १५० गाड्यांनी सवलत तर मिळवलीच, शिवाय देशभरच्या वर्तमानपत्रांचं पहिलं पानही मिळवलं. हेतू उघड होता: आमच्या शहराला कमी लेखू नका. यामागचा पैसा आकाशातून पडला नव्हता. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाल्यावर त्याच्याभोवती सुट्या भागांचे शेकडो लहान कारखाने वाढले, लेथवर उभे राहणारे मालक झाले, मग जमिनीचे भाव चढले. त्या १५० गाड्या म्हणजे पंचवीस वर्षांच्या नट-बोल्टांची मिरवणूक होती.

पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त या मिरवणुकीची दुसरी बाजू मांडली. गाड्यांसाठी स्टेट बँकेचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळालं आणि त्याच मराठवाड्यात ट्रॅक्टरसाठी शेतकऱ्याला बाराच्या वर व्याज भरावं लागत होतं. परभणीच्या वाचकाला हा हिशेब कापसात समजतो. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,००० रुपये होता. एका गाडीत चौदाशे क्विंटलहून अधिक कापूस बसला. बाजारभाव त्या वर्षी हमीभावापेक्षा चढा होता हे खरं, तरी आकडा शेकड्यांच्या खाली येत नाही. मानवतच्या किंवा सेलूच्या बाजारात गाड्यांची रांग लावून पाहा, म्हणजे एक मर्सिडीज किती लांब असते ते दिसेल.

मी या दोन्ही बाजूंपैकी एकीकडे जाऊन बसायला तयार नाही. लघुउद्योजकाने घामाच्या पैशाची गाडी घेतली तर तिच्यावर नाक मुरडणं हा जुन्या सरंजामी मनाचा खेळ आहे. निजामाच्या रोल्स-रॉइसचं कौतुक करायचं आणि लेथवाल्याच्या मर्सिडीजला 'नवश्रीमंत' म्हणायचं, हे चालणार नाही. आणि व्याजदरातला तो फरक हा कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नसून पत कुणाला मिळते याचा प्रश्न आहे, हेही झाकता येणार नाही.

मोटारींवरचं लेखन साधारण तीन परंपरांत वाढलं. एक कंपन्यांची आणि शौकिनांची, चकचकीत छायाचित्रांची. दुसरी अभियंत्यांची, सिलिंडर आणि झडपांची. तिसरी टीकाकारांची, जिला मोटारीत मजूर, रस्ता, धूर आणि कर्ज दिसतं. इंग्रजी-जर्मनमध्ये तिन्ही समृद्ध आहेत. मराठीत पहिलीचं अनुवादित पाणी येतं, बाकी दोन कोरड्या. या पुस्तकाने तिन्हींना एका बैठकीला बसवायचा प्रयत्न केला आहे. कुठली गाडी घ्यावी हे ते सांगत नाही, मॉडेलांची जंत्री देत नाही. यंत्र कसं चालतं हे ते गॅरेजच्या भाषेत सांगतं, कंपनीचा इतिहास तिच्या काळोख्या खोल्यांसह उघडतं, आणि मग परभणी–जिंतूर रस्त्यावर उभं राहून विचारतं, की या सगळ्याशी आपला संबंध काय. क्रमाने वाचलं नाही तरी चालेल. ज्याला यंत्राचा कंटाळा त्याने माणसांपासून सुरुवात करावी.

आत्ताच हे लिहायचं कारण आहे. २०२२ मध्ये 'ईक्यूएस' ही विजेवरची मर्सिडीज चाकणला जोडली जाऊ लागली. ज्या इंजिनाने हे घराणं घडलं त्याच्याशिवायची ही गाडी. इंजिन, धूर आणि धडधड गेल्यावर चांदणीत उरतं काय, हा प्रश्न श्टुटगार्टलाही पडला आहे.

माझ्यापुरतं त्याचं उत्तर एका मिस्त्रीने दिलं. जिंतूर रोडवर त्यांचं गॅरेज. आयुष्य ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरच्या इंजिनांत गेलेलं. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि कुठला व्हॉल्व्ह बोलतोय ते सांगायचं, ही त्यांची विद्या. त्यांना मी 'हॉर्ख' म्हणजे 'ऐक' ही गोष्ट सांगितली तेव्हा ते खूश झाले. पुस्तकाचं काम चालू असताना एका ओळखीच्यांची नवी मर्सिडीज मी मुद्दाम त्यांना दाखवायला नेली. त्यांनी हात पुसले, बॉनेट उघडायला लावलं. आत काळं प्लास्टिकचं झाकण, त्यावर चांदणी. इंजिन कुठे दिसेना.

"ह्याचं काही बिघडलं तर?" त्यांनी मालकाला विचारलं.

"कंपनी गाडी उचलून नेते."

मिस्त्रींनी मान डोलावली. गाडी चालू करायला लावली, सवयीने पेचकस कानाजवळ नेला आणि तसाच खाली घेतला. म्हणाले, "गाडी चांगलीच असणार. इंजिनाचं घराणं माहितीये आपल्याला. पण ही आपल्याशी बोलंना."

बेर्था बेंझला टोपीच्या पिनेने मोकळी करता आली ती नळी आता झाकणाखाली आहे. पूर्वी भरवसा म्हणजे वाटेत बिघडली तरी दुरुस्त होईल याची खात्री. आता भरवसा म्हणजे कुणीतरी येऊन घेऊन जाईल याची. दुसरा भरवसा जास्त सुखाचा आहे आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. या दोन भरवशांच्या मधल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा रस्ता पुढच्या पानांत आहे. तो शक्य तितका मिस्त्रींच्या बाजूने चालायचा प्रयत्न केला आहे.

परभणी, दसरा